मांजराला सीटी स्कॅन कधी लागतो

आमच्या भुऱ्याच्या नाकाचे दुखणे औषधांना दाद देईना, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पुण्याला जाऊन सीटी स्कॅन करून घेण्याचा पर्याय समोर ठेवला आणि चिठ्ठी लिहिण्याआधी एक प्रश्न विचारला. “स्कॅनमध्ये जे निघेल, त्यावर पुढे काही करायची तुमची तयारी आहे का? नसेल, तर गाडीभाडे आणि भूल दोन्ही वाचवू या.” मांजराला मोठी तपासणी कधी लागते हे ठरवण्याचे सर्वांत खरे माप मला अजूनही हाच प्रश्न वाटतो. तपासणीच्या उत्तराने आपल्या पुढच्या कृतीत फरक पडणार असेल तर ती करावी. फरक पडणार नसेल तर कितीही अद्ययावत यंत्र असले तरी त्यातून आपल्या हाती फक्त एक छायाचित्र येते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत आणि ओळखीच्या मांजरवाल्यांत याविषयी वरचेवर विचारणा होते, म्हणून डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि स्वतः जे पाहिले ते येथे सविस्तर लिहीत आहे. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषधांच्या मात्रा किंवा उपचारांचा सल्ला या लेखात शोधू नये.

कुत्रा लंगडतो, कण्हतो, मालकाच्या मागे मागे फिरतो. मांजर मात्र दुखणे लपवते, आणि ते इतक्या सफाईने लपवते की घरच्यांना ‘हल्ली जरा जास्त झोपतंय’ यापलीकडे काही जाणवत नाही. कपाटावर उडी मारणारे मांजर खुर्चीवर चढू लागते, अंग चाटून साफ करणे कमी होते, वजन हळूहळू उतरते, ताटलीपर्यंत येऊन वास घेऊन ते परत फिरते. या खुणा मोघम आहेत आणि त्यांतल्या एकीवरूनही रोगाचे नाव सांगता येत नाही. म्हणूनच मांजराच्या बाबतीत तपासण्यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते आणि म्हणूनच मोठ्या तपासणीकडे थेट उडी मारण्याचा मोहही अधिक होतो.

त्या मोहाला पहिला आवर पायऱ्यांचा. हाताने तपासणे, वजन, ताप, रक्त, लघवी, रक्तदाब; मग एक्स-रे, मग सोनोग्राफी; त्यानंतर सीटी किंवा एमआरआय. हा क्रम खर्चाचा आहे, तसाच तो मांजराला होणाऱ्या त्रासाचाही आहे, कारण शेवटच्या दोन तपासण्यांत मांजराला अजिबात हलू देता येत नाही आणि त्यासाठी जवळजवळ नेहमी भूल द्यावी लागते. पहिल्या पायऱ्यांवरच बहुतेक प्रश्न सुटतात, असे आमचे डॉक्टर म्हणतात आणि गल्लीतली उदाहरणे पाहता मलाही ते पटते.

रोंटगेनने १८९५ मध्ये शोधलेला एक्स-रे आजही हाडे, फुप्फुसे, हृदयाचा आकार आणि बरेचसे मुतखडे दाखवण्याच्या कामी येतो. गच्चीवरून पडलेल्या किंवा दुचाकीखाली आलेल्या मांजराच्या बाबतीत तो पहिला. कंबरेचे हाड मोडले आहे का, छातीत हवा किंवा रक्त साठले आहे का, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटून आतडी वर सरकली आहेत का, हे त्यात कळते. एकाच बाजूने काढलेला एक्स-रे फसवा असतो. निदान दोन वेगळ्या कोनांतून तो काढायला हवा. हे मालकाने आठवण करून देण्याची गरज पडू नये, पण गर्दीच्या दिवशी पडते.

सोनोग्राफीचे बळ मऊ अवयवांत आहे. भुऱ्याला एकदा उलट्यांनी बेजार केले होते, तेव्हा ती मी अगदी जवळून पाहिली. मधोमध खाच असलेल्या फोमच्या गादीवर त्याला उताणे झोपवले, पोटावरचे केस यंत्राने काढले, आणि आतली गुलाबी कातडी उघडी पडल्यावर तो आपल्याच पोटाकडे अशा संशयाने पाहू लागला की डॉक्टरही हसले. जेल गार लागताच त्याने पुढचे दोन्ही पाय ताणून माझे मनगट धरले आणि शेवटपर्यंत सोडले नाही. भूल नाही, सुई नाही. फक्त अंधारलेली खोली आणि पडद्यावर करड्या रंगात हलणारे मूत्रपिंड, यकृत, जठर, आतडी. आतड्याच्या भिंतीतले थर एकेक करून मोजता येतात हे मला तेव्हाच कळले. मात्र या तपासणीला हवा आणि हाड या दोन गोष्टी चालत नाहीत. ध्वनिलहरी त्यांच्या पलीकडे पोहोचत नाहीत, त्यामुळे फुगलेल्या पोटात, फुप्फुसांत आणि कवटीत सोनोग्राफीचे फारसे चालत नाही. उपाशी पोटी बोलावतात ते याचसाठी.

शाहूपुरीत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या मांजरीची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. देवघरापाशी उतरवून ठेवलेला गजरा तिने सोडवला, फुले टाकली आणि दोरा गिळला. दुसऱ्या दिवसापासून उलट्या आणि खाणे बंद. एक्स-रेत दोरा दिसत नाही. दिसले ते एका जागी गोळा झालेले आतडे. सोनोग्राफीत त्याला पडलेल्या चुण्या स्पष्ट दिसल्या, कारण दोऱ्याचे एक टोक वर अडकले की आतडे त्याच्यावर चढत जाते आणि दोरा भिंतीला कापू लागतो. तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि मांजर वाचले. कोणी तरी तेव्हाही “सीटी करून घ्यायचं का?” असे विचारले होते. त्याची गरज नव्हती. वेळ मात्र गेला असता. जाता जाता एक सूचना: जिभेखाली किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये. आतल्या आत आतडे फाटते.

आता भुऱ्याच्या नाकाकडे वळतो, कारण सीटी स्कॅनची खरी गरज कशी उभी राहते हे त्यातून सर्वांत चांगले समजते.

मांजराला शिंका येणे ही नवलाची गोष्ट नाही. पिल्लू असताना हर्पिस किंवा कॅलिसी विषाणूचा संसर्ग झालेली कितीतरी मांजरे जन्मभर अधूनमधून शिंकत राहतात, आणि त्यांच्या दोन्ही नाकपुड्या वाहतात. भुऱ्याची फक्त उजवी नाकपुडी वाहत होती. आधी पाणी, मग घट्ट पिवळट स्राव आणि एके दिवशी त्यात रक्ताचा धागा. झोपेत त्याचा श्वास घरघरू लागला. त्याचे वय तेव्हा नऊ होते. एकच बाजू, रक्त आणि मध्यम वय या तीन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरांच्या मनात यादी बदलते: नाकात अडकलेले गवताचे पाते, वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेला गळू, बुरशी, आणि गाठ. मांजराच्या नाकातल्या गाठींत लिम्फोमा हा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो, आणि त्याची एक जमेची बाजू अशी की तो रेडिएशन व केमोथेरपीला बऱ्यापैकी प्रतिसाद देतो. म्हणजे येथे उत्तराने कृती बदलणार होती. पाते असेल तर काढता येईल, दात असेल तर तो उपटता येईल, बुरशी असेल तर तिचे वेगळे औषध, गाठ असेल तर वेगळा रस्ता. तोवर मात्र एक प्रतिजैविक संपले की दुसरे सुरू, आठवडाभर थोडे बरे आणि पुन्हा तेच, असे चालले होते.

एक्स-रे आम्ही काढलाच होता. त्यात उजवी बाजू डावीपेक्षा किंचित धूसर वाटत होती, एवढेच. डोक्याच्या एक्स-रेची अडचण अशी की कवटी, जबडा, दात आणि नाक यांची सगळी हाडे एकावर एक पडून एकाच चित्रात येतात आणि आतला बारकावा झाकला जातो. सीटीमध्ये एक्स-रेची नळी प्राण्याभोवती फिरते आणि संगणक एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ काप तयार करतो. माणसाच्या मेंदूचा असा पहिला स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झाला. त्यामागच्या कामासाठी हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. आजही प्रत्येक ठिपक्याची घनता हाउन्सफील्डच्या नावाच्या एककातच मोजतात: पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि हाड शेकड्यांच्या घरात किंवा त्याहून वर. एखाद्या जागी हवा असायला हवी आणि तेथे पाण्याच्या जवळपासचा आकडा आला, तर तेथे काही तरी भरले आहे हे डोळ्यांनी अंदाज बांधण्याऐवजी आकड्याने कळते.

समोरच्या आक्कांना हे समजले तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, “मांजराला शिटी स्कॅन? ऐकावं ते नवलच की ओ!” त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तरीही जाऊन आल्यावर चहाच्या वेळी त्यांनीच सर्वांत आधी “काय निघालं?” असे विचारले.

पुण्याच्या केंद्रात प्रत्यक्ष स्कॅनला काही मिनिटेच लागली. वेळ गेला तो आधीच्या तयारीत आणि नंतरच्या देखरेखीत. शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन पुन्हा एकदा काप घेतले, कारण रक्तपुरवठा अधिक असलेला भाग त्यानंतर उजळतो आणि गाठ असेल तर साठलेल्या स्रावापासून वेगळी दिसते. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन आधीच तपासलेले होते. नंतर तिथल्या डॉक्टरांनी मला पडद्यासमोर बसवले. डाव्या बाजूला काळ्या हवेत सुरळीच्या वडीसारखी वळलेली नाजूक हाडे एकेका वळणासह दिसत होती. उजव्या बाजूला ती वळणे होती, पण झिजलेली, आणि त्यांच्यामधली जागा करड्या रंगाने भरलेली. मधला पडदा शाबूत. नाक आणि मेंदू यांच्यामधली छिद्रांची पातळ भिंत शाबूत. दातांची मुळे स्वच्छ, कानाच्या आतल्या पोकळ्या मोकळ्या. गाठीचा आकार कोठे नव्हता.

मात्र ‘गाठ दिसत नाही’ आणि ‘गाठ नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे डॉक्टरांनी तेथेच स्पष्ट केले. चित्र आकार दाखवते, पेशी दाखवत नाही. त्यामुळे त्याच भुलीत नाकात दुर्बीण घालून उजव्या बाजूचे बारीक तुकडे तपासणीसाठी घेतले. येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी सीटी, मग दुर्बीण. कारण तुकडा घेतला की रक्त येते, ते पोकळ्यांत साठते आणि त्यानंतर काढलेला स्कॅन वाचताना रक्त कोणते आणि रोग कोणता हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल काही दिवसांनी आला: जुनाट दाह, कर्करोगाच्या पेशी नाहीत, बुरशी नाही. हा आजार मुळापासून जाणारा नाही. पण प्रतिजैविकांची पाळी थांबली, दाहावरचे औषध ठरावीक मात्रेत सुरू झाले, नेब्युलायझरची वाफ आणि सलाइनचे थेंब आले, आणि मांजर वासावर जेवते म्हणून त्याचे अन्न कोमट करून देण्याची सवय घराला लागली. मीठ न घालता उकळलेल्या मासळीचे पाणी त्यावर ओतले की नाक चोंदलेले असले तरी भुऱ्या उठून येतो.

नाकाखेरीज सीटीचा उपयोग कोठे होतो, हे थोडक्यात सांगायचे तर छातीतल्या गाठी, फुप्फुसांत पसरलेला कर्करोग, मधल्या कानातल्या मांसल वाढी (पॉलिप) आणि गुंतागुंतीचे अस्थिभंग. एक प्रकार मात्र थोडा अधिक सांगायला हवा. लस किंवा इंजेक्शन दिलेल्या जागी क्वचित एक चिवट कर्करोग होतो. त्यासाठी पशुवैद्य ३-२-१ असा नियम सांगतात: गाठ ३ महिन्यांनंतरही टिकून असेल, २ सेंटिमीटरहून मोठी असेल, किंवा इंजेक्शननंतर १ महिन्याने वाढतच असेल, तर तिचा तुकडा तपासावा. असा कर्करोग निघाला तर शस्त्रक्रियेआधी सीटी जवळजवळ अनिवार्य ठरतो, कारण हाताला लागते त्यापेक्षा गाठीची मुळे कितीतरी दूरवर गेलेली असतात आणि पहिली शस्त्रक्रिया अपुरी झाली तर ती परत उगवते. या भीतीने लस मात्र टाळू नये. हा कर्करोग दुर्मीळ आहे, आणि रेबीजचा धोका आपल्याकडे दुर्मीळ नाही.

हृदयाच्या बाबतीत सीटीही नाही आणि एमआरआयही नाही. तेथे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मांजरांत हृदयाचा सर्वांत सामान्य आजार म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाण्याचा, ज्याला डॉक्टर एचसीएम म्हणतात, आणि तो सुमारे १५ टक्के मांजरांत आढळतो असे मानले जाते. त्यांतल्या बऱ्याच मांजरांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. स्टेथोस्कोपमध्ये खरखर ऐकू आली म्हणजे आजार आहेच असे नाही, आणि खरखर नाही म्हणजे हृदय निरोगी असेही नाही. हा घोळ इकोच मिटवतो. भिंतीची जाडी ६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भरली तर निदान पक्के होते, ५ च्या आत असेल तर ती सामान्य, आणि मधली जागा संशयाची; अर्थात भिंत जाड करणारी उच्च रक्तदाब आणि थायरॉइडचा अतिरेक ही दोन कारणे आधी वगळावी लागतात. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत या आजाराशी जोडलेले जनुकीय दोष सापडले आहेत, त्यामुळे हौसेने अशी मांजरे आणणाऱ्यांनी इकोची चौकशी लवकर करावी. इकोला बहुधा भूल लागत नाही.

घरी करण्यासारखी एक गोष्ट यात आहे, आणि ती फुकट आहे. मांजर गाढ झोपलेले असताना छातीची हालचाल पाहून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावे. छाती वर गेली आणि खाली आली की एक. निरोगी मांजराचा हा आकडा ३० च्या आत राहतो. तो वरचेवर ३० च्या वर जाऊ लागला तर दवाखान्यात फोन करावा. आणि मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर फोनवर बोलत न बसता निघावे.

मागचे पाय अचानक गेले की लोकांच्या मनात पाठीचा कणा येतो आणि एमआरआयची चौकशी सुरू होते. अनेकदा मूळ हृदयात असते. जाड झालेल्या हृदयात रक्ताची गुठळी तयार होते, ती महाधमनीतून खाली वाहत जाऊन मागच्या पायांकडे जाणाऱ्या फाट्यावर अडकते, आणि धडधाकट दिसणारे मांजर क्षणात किंचाळून मागचे पाय ओढू लागते. पाय हाताला गार लागतात, तळवे फिकट किंवा निळसर दिसतात, मांडीची नाडी लागत नाही. अशा वेळी वेदनाशामक आणि ऑक्सिजन आधी, इको नंतर, आणि एमआरआयचा विषयच नाही. घरातले क्रोसिन मात्र कोणत्याही दुखण्यासाठी देऊ नये. मांजराचे यकृत पॅरासिटामॉल पचवू शकत नाही आणि माणसाची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

एमआरआयचे खरे क्षेत्र मेंदू आणि मज्जारज्जू. पुन्हा पुन्हा येणारे झटके, एका दिशेने गोल गोल फिरणे, मान एका बाजूला कलून भान कमी होत जाणे, मागच्या पायांची हळूहळू वाढत जाणारी अशक्तता, अशा तक्रारींत त्याचा विचार होतो. मांजराच्या झटक्यांमागे कुत्र्यांच्या तुलनेत मेंदूतला प्रत्यक्ष बिघाड अधिक वेळा सापडतो, त्यामुळे प्रौढ मांजराला झटके सुरू झाले तर ही तपासणी सुचवली जाते. मांजरांच्या मेंदूतल्या गाठींत मेनिंजिओमा सर्वांत जास्त आढळतो. तो मेंदूच्या आवरणातून वाढतो, बहुतेकदा सौम्य असतो आणि योग्य जागी असला तर शस्त्रक्रियेने काढता येतो. अशा मांजराच्या बाबतीत एमआरआयने आयुष्याची वर्षे वाढू शकतात.

पण त्याआधी काय काय वगळावे लागते याचे उदाहरण टाकाळ्यावरच्या एका ओळखीच्या काकूंकडे घडले. त्यांची १६ वर्षांची मांजरी एका सकाळी भिंतीला धडकू लागली, रात्री विनाकारण ओरडू लागली. घरातल्या सर्वांनी मेंदू म्हणून ठरवून टाकले होते. डॉक्टरांनी तिच्या पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधून डॉपलरने रक्तदाब मोजला, तो २०० च्या वर निघाला. मग डोळ्यांत पाहिले, तर दृष्टिपटल सुटलेले. मांजरांत रक्तदाब १६० च्या वर राहिला तर तो जास्त धरतात आणि १८० च्या वर डोळे, मेंदू, मूत्रपिंड यांना थेट धोका असतो. तिला रक्तदाबाचे अॅम्लोडिपिन सुरू झाले, रक्ततपासणीत मूत्रपिंडाचा जुना आजार सापडला, आणि एका डोळ्याने तिला पुढे अंधूक दिसू लागले. एमआरआय कोणी केला नाही. त्या वयात आणि त्या मूत्रपिंडांसह तासाभराची भूल देणे हा धोकाच होता, आणि रोगाचे नाव छोट्या पट्ट्याने सांगितलेच होते.

एमआरआयला पाऊण ते एक तास लागतो, कधी अधिकही, आणि तोवर मांजर पूर्ण भुलीत असते. यंत्राचे चुंबक प्रखर असल्यामुळे गळ्यातला पट्टा, घुंगरू, टाक्यांत वापरलेली धातूची तार यांविषयी आधी सांगावे लागते. अंगात छऱ्याच्या बंदुकीचा छर्रा राहिला असण्याची शंका असेल तर आधी एक्स-रे काढतात. रस्त्यावरून घरात आलेल्या बोक्यांच्या बाबतीत ही शंका दुर्दैवाने अनाठायी नसते. मानेखाली ओळखीची मायक्रोचिप असेल तर तिने इजा होत नाही, पण तिच्याजवळचे चित्र विस्कटते.

भुलीची भीती सर्वांनाच वाटते, मलाही वाटली. ब्रिटनमधल्या एका मोठ्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निरोगी मांजरांत भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण ०.११ टक्के, तर आजारी मांजरांत १.४ टक्के आढळले होते. म्हणजे धोका भुलीपेक्षा मांजराच्या आधीच्या प्रकृतीवर अधिक अवलंबून असतो, आणि म्हणूनच रक्त, रक्तदाब व हृदय आधी तपासण्याला अर्थ आहे. त्याच पाहणीत बरेचसे मृत्यू भूल उतरल्यानंतरच्या पहिल्या तीन तासांत झाले होते. स्कॅन झाला की लगेच मांजर पिंजऱ्यात घालून कोल्हापूरची वाट धरावी असे आम्हांलाही वाटले होते, पण तिथल्या डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत थांबवून घेतले आणि अंग गरम ठेवून, हिरड्यांचा रंग पाहून, तो स्वतः उठून बसल्यावरच सोडले. त्यांच्या या आग्रहाबद्दल कुरकुर करू नये.

कोल्हापूर ते पुणे हे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे, आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ वर काम चालू असले तर त्यात किती तास जातील याचा नेम नाही. प्रौढ मांजराला सहसा सहा ते आठ तास उपाशी ठेवायला सांगतात, त्यामुळे शेवटचे जेवण प्रवासाच्या आधी येते आणि पाणी मात्र चालते. मधुमेही मांजर आणि लहान पिल्लू यांचे नियम वेगळे, ते विचारूनच घ्यावेत. पिंजऱ्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकला की बाहेरचे दिसत नाही आणि मांजर शांत राहते. फार घाबरणाऱ्या मांजराला आदल्या रात्री व निघताना देण्यासाठी डॉक्टर गाबापेंटिन हे शांत करणारे औषध लिहून देतात. एप्रिल-मेमध्ये खंबाटकी घाटात बंद काचांच्या गाडीत एसीशिवाय मांजर नेणे म्हणजे आजारात भर घालणे. याच रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मुंबईत परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय; कोणत्या ठिकाणी कोणते यंत्र त्या दिवशी चालू आहे आणि मांजराला भूल देणारा माणूस हजर आहे का, हे फोन करून पक्के केल्याशिवाय निघू नये.

मोठी तपासणी थांबवावी असे प्रसंगही आहेत. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो आणि लघवीचा थेंब पडत नाही, तेव्हा कोणत्याही स्कॅनची चौकशी करत बसणे घातक आहे. मूत्रमार्ग काही तासांच्या आत मोकळा करावा लागतो आणि खडा होता की चिकट गाळ हे नंतर एक्स-रे व सोनोग्राफीत पाहता येते. कोवळ्या मांजराला ताप राहतो आणि पोट पाण्याने फुगते, तेव्हा सोनोग्राफीने ते पाणी पाहून सुईने थोडे काढून तपासणे सीटीपेक्षा अधिक सांगते. आणि म्हाताऱ्या मांजराच्या आतड्याची भिंत जाड दिसली, तर तो साधा दाह की सावकाश वाढणारा लिम्फोमा, हा भेद सोनोग्राफी करत नाही आणि सीटीही करत नाही. तेथे तुकडाच तपासावा लागतो, किंवा मालकाने तो न तपासता औषध सुरू करून पाहण्याचे ठरवले तर त्यातही काही गैर नाही.

पैशांविषयी संकोच न करता बोलावे, असे माझे मत आहे. एक्स-रे शेकड्यांत होतो. सीटी व एमआरआयला यंत्र, भूल, औषध, अहवाल, प्रवास मिळून हजारो लागतात आणि तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी, वेगळी. डॉक्टरांना आपली मर्यादा आधी सांगितली तर ते तिच्या आत बसेल असा रस्ता काढतात. भुऱ्याच्या वेळी आम्ही सीटी, दुर्बीण आणि तुकडा एकाच भुलीत बसवून घेतले, त्यामुळे दुसरी खेप आणि दुसरी भूल दोन्ही टळल्या.

स्कॅननंतर हातात फिल्म देतात, तिच्यावर निवडक चित्रे छापलेली असतात. ती पुरेशी नाही. सगळे काप डायकॉम नावाच्या स्वरूपात डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावेत, कारण दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर त्यांना मूळ कापच लागतात, मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही. रेडिओलॉजिस्टचा लेखी अहवाल, बायोप्सीचा अहवाल आणि भूल देताना कोणती औषधे किती वापरली याची नोंदही सोबत घ्यावी. भुऱ्याचे दात साफ करायचे ठरले, तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सर्वांत आधी ती शेवटची नोंदच मागितली.